खुलासा : फ्लोरिडा स्टेटचा २०२३ चा हंगाम आणि ६३-३ चा पराभव

‘जॉर्जियाकडून ६३-३ असा दारुण पराभव झाल्यामुळे फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाला २०२३ च्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या चौघांत स्थान मिळाले नाही’, असा संदेश सध्या फिरत आहे. गुणसंख्या बरोबर आहे. घटनाक्रम मात्र उलटा आहे.

निवड समितीने राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी खेळणारे मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास व अलाबामा हे चार विद्यापीठ संघ ३ डिसेंबर २०२३ रोजी जाहीर केले. फ्लोरिडा स्टेटने त्याच्या आदल्याच दिवशी लुईव्हिलला १६-६ असे हरवून १३ पैकी १३ सामने जिंकले होते, तरीही त्यांना पाचवे स्थान मिळाले. जॉर्जियाविरुद्धचा ऑरेंज बाउल हा हंगामाअखेरचा, अजिंक्यपदाच्या फेरीबाहेरचा सामना ३० डिसेंबरला झाला, त्यामुळे तो निवडीचे कारण असूच शकत नाही.

समितीने सांगितलेले कारण वेगळे होते : १८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्ध पहिल्याच सत्रात क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिसच्या डाव्या पायाला गंभीर दुखापत झाली, त्याला मैदानाबाहेर गाडीतून न्यावे लागले आणि त्याच्याविना हा संघ पूर्वीचा राहिला नाही, असे तिचे म्हणणे होते. ते पटण्याजोगे होते का, यावर वाद जरूर घालावा. मला स्वतःला तो निर्णय अन्यायकारक वाटतो. ऑरेंज बाउलमध्ये तर अनेक प्रमुख खेळाडू उतरलेच नव्हते.

‘या वादामुळेच १२ संघांची पद्धत आली’, हे त्याच संदेशातील वाक्यही चुकीचे आहे, कारण अजिंक्यपदासाठी चारऐवजी १२ संघ घेण्याचा २०२४ पासूनचा तो विस्तार २०२२ मध्येच ठरला होता.

कृपया हा संदेश पुढे पाठवू नये आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.