तारा लावल्यावर दात हलतात, बरोबरे. पुढचं मात्र बहुतेक चुकीचं

परवा एक आई मुलाला घेऊन आल्या, तो खुर्चीत बसायच्या आतच मोबाईल माझ्यापुढे. तोच मेसेज, जो माझ्या नात्यातल्या तीन ग्रुपवर फिरून झालाय: तारांनी दात हाडातून ओढले जातात म्हणून ढिले होतात, मुळं झिजतात, अठरानंतर हाड पक्कं होतं त्यामुळे पैसे पाण्यात, आणि तार नीट आवळली तर काम सहा महिन्यांत होतं पण डॉक्टर मुद्दाम लांबवतात. मुलगा तोवर जिभेने पुढचा दात हलवून दाखवतोय, म्हणजे पुरावाच की.

तर आधी ते ओढण्याचं. दात म्हणजे भिंतीतला खिळा नाहीये हो. मूळ आणि हाडाच्या मध्ये जेमतेम ०.२ मिलिमीटरचा तंतूंचा थर असतो, रक्तवाहिन्या न पेशींनी भरलेला, एक्स-रेत मुळाभोवती बारीक काळी रेघ दिसते ना, तीच त्याची जागा. तार दात ढकलते तेव्हा हा थर एका बाजूला दबतो, दुसरीकडे ताणला जातो, दबलेल्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी जमतात, ताणलेल्या बाजूला नवं हाड घालणाऱ्या, आणि दात आपली खोबण बरोबर घेऊनच सरकतो. इम्प्लांटला, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम दाताला, हा थर नसतो, म्हणून त्याला कितीही तारा लावा, जागचा हलत नाही.

हे चालू असताना तंतू सुटतात, परत बांधले जातात, ती काळी रेघ रुंद होते, म्हणून दात थोडा हलतो. तारा काढल्यावर तीन-चार महिन्यांत थर पुन्हा घट्ट बसतो. हां, पायरिया असेल आणि तो बरा न करताच दात सरकवले तर हाड खरंच जातं, पण ते मेसेजमध्ये कुठेच नाही.

मुळांचं अर्धं खरंय. टोकं थोडीफार झिजतात, बहुतेकांची, आणि कळतही नाही. शंभरात मोजक्या लोकांचं मूळ एक तृतीयांशाहून जास्त जातं, म्हणून तर आम्ही मध्येच एक्स-रे काढायला लावतो आणि तुम्ही कुरकुरता.

अठराचं सांगायचं तर थांबते ती जबड्याची वाढ, हाडाची अदलाबदल नाही. मोठ्या माणसात सुरुवात जरा सुस्त होते एवढंच. जबडाच पुढे-मागे असेल तर मात्र मोठेपणी नुसत्या तारांनी तो जागेवर येत नाही.

आता आवळणं, माझा सगळ्यात आवडता मुद्दा, कारण इथे उलटंच होतं. १९०४ मध्येच सँडस्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून दाखवलं होतं की जोर जास्त झाला की दबलेल्या बाजूच्या रक्तवाहिन्या चिमटतात, तिथल्या पेशी मरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो भाग काचेसारखा दिसतो. आता हाड खायला तिथे कोणी जिवंतच नाही! मग खाणाऱ्या पेशी पलीकडून, हाडाच्या आतून पोखरत येईपर्यंत दात दोन-तीन आठवडे ढिम्म, दुखतो तेवढा. १९३२ मध्ये श्वार्झ नावाच्या दातांच्या डॉक्टरने म्हटलं की जोर केशवाहिन्यांतल्या (सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांतल्या) दाबापेक्षा जास्त नको, चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम. त्या आकड्यावर पुढे वाद झाले, पण मुद्दा टिकला, हळू जोर, महिन्याला साधारण १ मिलिमीटर. घाई केली तर मुळं झिजायचा धोकाही वाढतो, म्हणजे मेसेजमधली एक भीती खरी करायचा उपाय त्याच मेसेजमध्ये दिलाय.

मेसेजच्या शेवटी 'रिटेनर म्हणजे वरकमाई' असंही होतं. रिटेनर म्हणजे तारा काढल्यावर दात नव्या जागी धरून ठेवायला घालतात ते. हाडाच्या वरचे हिरडीतले तंतू ताणलेल्या रबरासारखे असतात, त्यांना नव्या जागेची सवय व्हायला वर्षभर लागू शकतं. माझ्याच एका पेशंटने रिटेनर टिश्यूत गुंडाळून हॉटेलात टेबलावर ठेवला, वेटरने ताटाबरोबर उचलला. ही दोन महिन्यांनी उगवली, जुन्या साच्यावर दुसरा बनवला तर तो बसेचना, दात तोवर परत सरकलेले.