घरातला डार्कसाइड

आमचे चिरंजीव पूर्वी आरडाओरडा करायचे. पाय आपटायचे, दप्तर भिरकवायचे, भाजी आवडली नाही तर फरशीवर लोळण घ्यायचे. काय सुखाचे दिवस होते ते! हल्ली हात पाठीमागे बांधून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात आणि खालच्या पट्टीत विचारतात, "पुन्हा दोडका?" बस्स, एवढंच. बायकोच्या हातातला झारा थबकतो.

हा सगळा डार्कसाइडचा प्रताप. 1996 ते 2000 या काळात अमेरिकेत सुपरमॅनची जी ॲनिमेटेड मालिका आली, तिच्यातला हा अपोकोलिप्स ग्रहाचा सर्वेसर्वा. हा माणूस (माणूस म्हणायचं आपलं) कधी घाईत नसतो. मारामारीला कालिबाक नावाचा दांडगा मुलगा आहे, छळायला डेसाड आहे, बाकी किरकोळ कामांना उडत्या सैनिकांच्या झुंडी. मायकेल आयर्नसाइडने त्याला आवाज असा दिलाय की धमकी आणि चौकशी यांत फरक उरत नाही. आपल्याकडे निळू फुल्यांचा पाटील असाच होता. आवाज न चढवता गाव गार.

हाच डार्कसाइड 1984 च्या एका कार्टून मालिकेत वंडर वुमनशी लग्न करायला टपलेला असायचा. विश्वाचा कर्दनकाळ आणि दर खेपेला नवरीकडून नकार! आमच्या घरी ती मालिका आधी लागली असती, तर आज दोडका सुखाने शिजला असता.

पण चिरंजीवांनी पाहिला तो 1998 मधला जोडभाग. त्यात डॅन टर्पिन नावाचा ठेंगणा पोलीस अधिकारी चारचौघांना घेऊन डार्कसाइडसमोर उभा ठाकतो. डार्कसाइडला माघार घ्यावी लागते, लोक जल्लोष करतात. आणि निघता निघता तो नुसता वळून बघतो. डोळ्यांतून ओमेगा किरण सुटतात आणि टर्पिन संपतो. या टर्पिनचा चेहरा बेतलाय जॅक कर्बीवरून, म्हणजे ज्या कॉमिक्सच्या चित्रकाराने 1970 च्या सुमारास डार्कसाइड जन्माला घातला, त्याच्यावरून. कर्बी 1994 मध्ये वारले होते. मालिकावाल्यांनी आदरांजली म्हणून हे केलं. बापाला पोराच्या हातून मारवून आदरांजली! मला तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

कारण निघता निघता वळण्याची ती लकब आमच्याकडे तंतोतंत आली आहे. परवा टीव्ही बंद करून त्याला झोपायला पिटाळला. निमूट गेला. दारात थांबला, वळला. "बाबा, ते नवीन हेडफोन ऑफिसच्या पत्त्यावर मागवलेत ना? आईला सांगितलं का?" ओमेगा किरण कोपऱ्यावरून वळतात म्हणे. ते खरं आहे. बायको आतल्या खोलीत होती.

बाहेरून मदत मिळण्याची आशाही नाही. मालिकेच्या शेवटी सुपरमॅन डार्कसाइडला बडव बडव बडवतो आणि त्याच्याच गुलामांपुढे फेकून सांगतो, तुम्ही मोकळे आहात, याचं काय ते बघा. गुलाम काय करतात? अलगद उचलून नेतात त्याला! इथे मीच देव आहे, असं तो वर सुपरमॅनला ऐकवतो. आमच्याकडे मी रागावलो की आई लगबगीने येते, नातवाला पोटाशी धरते आणि बेसनाचा लाडू भरवते.

त्याचं बक्षीस म्हणून चिरंजीवांनी तिला ग्रॅनी गुडनेस हे पद दिलंय.

"ही कोण रे?" आईने विचारलं.

"अपोकोलिप्सवरची आजी. अनाथाश्रम चालवते."

"पुण्याचं काम हो," आई म्हणाली.

त्या आश्रमातून मुलं सैनिक होऊन बाहेर पडतात, आणि आजी त्यांचा छळ करकरून त्यांना घडवते, हे सांगायचं धाडस मला झालं नाही. मी आपलं एवढंच सांगितलं की तिचा आवाज एड ॲस्नर नावाच्या पुरुषाने दिला आहे.

"मग त्यात काय? आमच्याकडे बालगंधर्व नव्हते का?" आई म्हणाली. "पदं म्हणतो का तो?"