पिअर्स ब्रॉस्ननला गाता येत नाही, मग?

विषय काढला पम्याने. आदल्या रात्री त्याने बायकोबरोबर 'मामा मिया' पाहिला होता, २००८ चा, मेरिल स्ट्रीपवाला. कट्ट्यावर टेकायच्या आधीच त्याने जाहीर केलं की इतका टुकार सिनेमा इतक्या आवडीने त्याने आजवर पाहिला नव्हता.

"टुकार की आवडला? एक काय ते ठरव," वैशाली म्हणाली.

"दोन्ही."

झालं. दोन कटिंग याच्यावरच गेले.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. ग्रीसमधलं एक काल्पनिक बेट. डोना तिथे मोडकळीला आलेलं हॉटेल एकटीने चालवते. तिच्या वीस वर्षांच्या मुलीचं, सोफीचं, लग्न ठरलंय, पण बाप कोण ते पोरीला माहीत नाही. आईची जुनी डायरी तिच्या हाती लागते. त्यात एकाच उन्हाळ्यातले तीन पुरुष निघतात. पोरगी आईच्या नकळत तिघांनाही लग्नाचं बोलावणं धाडते आणि तिघेही टपकतात. पुढे ज्याला जे काही म्हणायचंय ते तो 'ॲबा' या स्वीडिश पॉप बँडच्या गाण्यांतून म्हणतो.

मंदारची हरकत इथेच होती. तो ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, त्यामुळे गाण्यांबद्दल त्याचा शब्द कट्ट्यावर जरा जड पडतो. "आधी कळस मग पाया," तो म्हणाला. "गाणी बहुतेक सत्तरच्या दशकातली, जगभर गाजलेली. त्यांच्या मधल्या फटींत वीस-पंचवीस वर्षांनी कुणीतरी गोष्ट कोंबली. बाईला रडवायचंय? काढा रडकं गाणं. नाचवायचंय? काढा नाचाचं. याला काय लिहिणं म्हणतात?"

इतिहास त्याने बरोबर सांगितला. सिनेमाच्या आधी हे रंगमंचावरचं संगीत नाटक होतं. ज्यूडी क्रेमर ही त्याची निर्माती. ऐंशीच्या दशकात 'चेस' या संगीतिकेच्या वेळी तिने ॲबाची गाणी रचणाऱ्या ब्यॉर्न आणि बेनीबरोबर काम केलं होतं. त्यांचं 'द विनर टेक्स इट ऑल' ऐकून तिला वाटलं, या गाण्यातच नाटक दडलंय. मग कॅथरीन जॉन्सनने संहिता लिहिली, फिलिडा लॉइडने बसवली आणि ६ एप्रिल १९९९ ला लंडनच्या प्रिन्स एडवर्ड थिएटरात पडदा वर गेला. 'वॉटर्लू' गाऊन ॲबाने ब्रायटनला युरोव्हिजन ही गाण्याची स्पर्धा जिंकली होती ते ६ एप्रिल १९७४ ला. बरोबर पंचवीस वर्षं.

"आणि तिघीही १९५७ च्या," वैशाली मध्येच म्हणाली. "चाळिशी ओलांडलेल्या तीन बायकांनी उभं केलंय हे. सिनेमाही त्याच तिघींचा. ते लक्षात ठेव, पुढे लागेल."

नाना इतका वेळ पेपरात डोकं घालून होते. सिनेमा त्यांनीही पाहिलाय, नातीबरोबर. "मंदार, संगीत नाटकाची जुनी छापील प्रत कधी हातात घेतलीस का रे? प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात चाल दिलेली असते, अमक्या गाण्याची. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून, म्हणजे १८८० पासून. १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या बंदिशी आणि ठुमऱ्यांच्या चाली आणल्या. लोकांनी डोक्यावर घेतलं. तिथे कुणी उसनवारी म्हटलं नाही."

"नाना, पण शब्द नवे होते ना! खाडिलकरांनी भामिनीसाठी लिहिले. इथे शब्दसुद्धा तेच."

नानांनी पेपराची घडी घातली. "मग तर हे जास्त अवघड झालं की."

मला वाटतं, त्या संध्याकाळचं सगळ्यात नेमकं वाक्य हेच होतं. चाल उसनी घेतली तर शब्द आपल्या पात्राच्या मापाचे लिहिता येतात. इथे चालही ठरलेली, शब्दही जवळजवळ तसेच, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही पाठ. हलवायला उरली फक्त परिस्थिती.

वैशालीने लगेच दाखला दिला. लग्नाच्या दिवशी डोना सोफीला तयार करते तो प्रसंग. गाणं 'स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स', १९८१ चं. ब्यॉर्नने ते आपल्या लहान मुलीला शाळेत जाताना बघून लिहिलं आणि गायली तिची आई, ॲबाचीच गायिका आग्नेथा. तोवर त्या दोघांचा घटस्फोट झालेला. गाण्यात दप्तर आहे, सकाळी हात हलवून निघालेली पोर आहे. आणि पडद्यावर आई नवरीचे केस सारखे करतेय.

"शब्द बदलले असते तर वाटोळं झालं असतं," वैशाली म्हणाली. "लग्नाचं गाणं लिहून घेतलं असतं तर ते फक्त लग्नाचं झालं असतं. आपल्याकडे पाठवणीच्या वेळी आई काय बोलते? समोर शालू नेसलेली मुलगी उभी आणि हिच्या तोंडात बालवाडीच्या पहिल्या दिवसाची रडारड. सेम तेच आहे ते."

मंदार काहीच बोलला नाही. मंदार गप्प बसला की ते मान्य केल्यातच जमा.

पण 'द विनर'वर तो अडून बसला. टेकडीवरच्या चर्चकडे जाणारी वाट, वारा सुटलेला, डोनाची शाल फडफडतेय आणि ती ब्रॉस्ननला, म्हणजे तिघांतल्या सॅमला, हे गाणं सुनावते. "गाणं हरलेल्या बाईचं आहे," मंदार म्हणाला. "डोना कुठे हरलीय? हॉटेल तिचं, पोरगी तिची. आणि जिंकलेली ती दुसरी कोण? सॅमचं तर लग्नही मोडलंय." यात तथ्य आहे. त्या प्रसंगात गोष्ट आणि गाणं एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. तरी मी दरवेळी तो अख्खा बघतो, कारण स्ट्रीप ते गाणं भांडल्यासारखं म्हणते. लहानपणी ऑपेरा शिकलेली बाई, इथे सुरापेक्षा राग पुढे ठेवते. मंदारच्या मते ही पळवाट आहे. असू दे.

मग अर्थातच ब्रॉस्नन. पम्याने उभं राहून त्याच्या 'एस ओ एस' गाण्याची नक्कल केली. समोरच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून दाद दिली. ब्रॉस्ननला या भूमिकेबद्दल सर्वात वाईट सहायक अभिनेत्याचा रॅझी, म्हणजे टुकार कामाचा थट्टेचा पुरस्कार, मिळाला, आणि सिनेमाचा काही भाग शूट झाला तो पाईनवूड स्टुडिओतल्या, जेम्स बाँडच्या नावाच्या ००७ स्टेजवर. एकेकाळी बाँड होऊन पिस्तूल रोखणारा माणूस तिथे छाती फुगवून वरचा सूर शोधतोय आणि तो काही सापडत नाहीये.

"पाच कोटी वीस लाख डॉलरच्या सिनेमाला गाणारा माणूस मिळत नाही?" मंदार.

"त्या सिनेमाने साठ कोटींच्या वर कमावले," पम्या. "तू ऑर्केस्ट्रात सुरात वाजवतोस. किती मिळतात?"

हे जरा लागलं. पण मंदारनेच नंतर कबूल केलं की कार्यक्रमात एखादा पाहुणा बेसूर गायला लागला की हॉलमधले सगळे त्याच्याबरोबर गातात; कसलेला गायक उभा राहिला की हात बांधून ऐकतात. इथे तेच झालंय. ब्रॉस्नन इतका घाबरत गातो की आपण त्याला सावरायला म्हणून गायला लागतो.

वैशालीला मात्र ब्रॉस्ननमध्ये काडीचा रस नव्हता. तिचा सिनेमा म्हणजे 'डान्सिंग क्वीन'. गादीवर उड्या मारण्यापासून सुरू होतं आणि तिघी मैत्रिणी गात गात उतारावरून धक्क्याकडे निघतात. वाटेत बेटावरच्या बायका हातातली कामं टाकून मागे लागतात. पाठीवर काटक्यांचा भारा घेतलेली एक म्हातारी येते, भारा धाडकन खाली टाकते आणि चालू लागते. "गाणं सतरा वर्षांच्या पोरीचं आहे," ती म्हणाली, "आणि त्यावर नाचतायत पन्नाशीच्या बायका, सासवा, आज्या. पुरुष जवळजवळ नाहीतच. एक दिसतो, होडीत पियानो बडवणारा, तो खुद्द बेनी. तेवढा चालेल." माझ्याही मते सिनेमा इथे जिंकतो. हिरॉइनच्या वयाची अट काढून टाकली की तेच घासून गुळगुळीत झालेलं गाणं पुन्हा कोरं होतं.

दुसऱ्या भागाबद्दल फार बोलणं झालं नाही. २०१८ चा तो. त्यात स्ट्रीपची आई म्हणून गायिका शेर येते, जी स्ट्रीपपेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठी आहे. यावर हसून झालं आणि विषय मिटला.

नाना उठायला लागले, पण चप्पल पायात सरकवताना थांबले. "बाकी सगळं ठीक. पण पोरीचा बाप कोण, ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. हे काही मला पटलं नाही."

"नाना, त्या तिघांनाच जाणून घ्यायचं नाहीये," वैशाली म्हणाली. "एकेक तृतीयांश बाप व्हायला ते खूश आहेत."

"असं कुठे असतं काय? ब्रॉस्ननच असणार. शेवटी लग्न त्याच्याशीच लावलंय डोनाचं."

"छे! पोरीचे केस बघा," पम्या म्हणाला. "तिघांतला तो बोटवाला बिल. स्कार्सगार्ड."

"बिल तर स्वीडिश दाखवलाय," मंदार म्हणाला. "आणि गाणी स्वीडिश. म्हणजे बाप तोच."

नाना परत बसले.