मिडवाइफ म्हणजे सुईण नव्हे

‘सरकार आता डॉक्टर काढून सुईणींकडून बाळंतपणं करवणार’ असा मेसेज नागपुरातल्या फॅमिली ग्रुपांवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

केंद्राने 2018 मध्ये मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, एवढंच त्यात खरं. ही मिडवाइफ म्हणजे नोंदणीकृत नर्स. त्यावर आणखी 18 महिन्यांचं प्रशिक्षण. गावातली सुईण अनुभवी असेलही, पण तिच्याकडे ना नोंदणी, ना रक्तस्राव थांबवायची इंजेक्शनं. मिडवाइफने सांभाळायची ती बिनगुंतागुंतीची बाळंतपणं. आधीचं सिझेरियन, जुळं, पायाळू बाळ, वाढलेलं बीपी यांपैकी काही असेल तर डॉक्टर लागतोच, आणि सिझेरियन तर डॉक्टरच करतात. म्हणजे डॉक्टर कुठेही जात नाहीत. तसंही सरकारी दवाखान्यांत साधी बाळंतपणं वर्षानुवर्षं नर्सच करत आल्या आहेत, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या आईला विचारा!

मेसेजात ‘म्हणून खासगीतच जा’ अशी शेपटीही आहे. डागा, मेडिकल, मेयो या नागपुरातल्या तिन्ही सरकारी रुग्णालयांत प्रसूतितज्ज्ञ असतात. 2011 च्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण, अगदी सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. खासगीत जायचं तर जा, पण नाव घालण्याआधी एक विचारा: रात्री दोनला भूलतज्ज्ञ आणि रक्त किती वेळात मिळेल?