सेगमेंट वाढवून बॉक्स गोल होत नाही

थ्रीडी शिकणाऱ्यांमध्ये सध्या एक व्हिडिओ फिरतोय. दावा असा: मॉडेल खडबडीत दिसतंय? सेगमेंट (बाजूचे पाडलेले भाग) वाढवा. सुरुवातीलाच भरपूर द्या, नंतर कमी करता येतात, आणि आजच्या ग्राफिक्स कार्डांना त्याचं काही वाटत नाही. माझ्या भाचीने हे प्रमाण मानलं. साध्या बॉक्सला तिन्ही दिशांनी ५०-५० सेगमेंट दिले आणि फाईल पाठवून विचारलं, "मामा, हा गोल का होत नाहीये?" कसा होईल?

५०-५०-५० म्हणजे १५,००० फेस, पृष्ठभागाचे सपाट तुकडे. सपाट फेसवर कितीही रेघा मारा, नवे व्हर्टेक्स (कोपऱ्यांचे बिंदू) त्याच सपाटीत बसतात. ६ फेसचा आणि १५,००० फेसचा बॉक्स रेंडर करून (अंतिम चित्र काढून) शेजारी ठेवा, कोणता कुठला ते सांगता येणार नाही. सिलिंडरचंही तेच. आठ बाजूंचा सिलिंडर घेऊन घेराची प्रत्येक एज (कड) मधोमध कापलीत, तर नवा व्हर्टेक्स वर्तुळावर जात नाही. तो जीवेवरच, म्हणजे जुन्या सरळ रेषेवरच राहतो, त्रिज्येच्या साधारण साडेसात टक्के आत. मोजायला बाजू १६, दिसायला अष्टकोनच. बनवतानाच १६ बाजू मागितल्या असत्या तर सॉफ्टवेअरने सगळे व्हर्टेक्स वर्तुळावर मांडून दिले असते.

गोलाई येते ती व्हर्टेक्स जागचे हलल्यामुळे. एडविन कॅटमुल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ मध्येच ही पद्धत मांडली, आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा सबडिव्हिजन सरफेस मॉडिफायर (मॉडेलवर वरून लावायची प्रक्रिया) आजही तीच वापरतो. प्रत्येक चौकोनी फेसचे चार होतात आणि शेजाऱ्यांची सरासरी काढून जुने-नवे व्हर्टेक्स सरकवले जातात. साधा ६ फेसचा बॉक्स २४, ९६, ३८४ असा वाढत तिसऱ्या पायरीला जवळपास गोळा होतो. आता हाच मॉडिफायर भाचीच्या बॉक्सवर दोन पायऱ्यांनी लावा. फेस झाले २,४०,०००, आणि समोर काय? बॉक्सच! कडा जेमतेम घासल्यासारख्या. कारण कडेला लागून असलेले एज लूप (एजांच्या सलग ओळी) त्या कडेला धरून ठेवतात. मुरलेले मॉडेलर कड टोकदार राहावी म्हणून तिच्याजवळ मुद्दाम लूप घालतात, आणि हे व्हिडिओवाले महाशय तेच औषध खडबडीतपणावर देतायत.

"नंतर कमी करता येतात" हे तर धडधडीत दिशाभूल करणारं. थ्रीडीएस मॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये बॉक्सचं एडिटेबल पॉली (हाताने बदलता येणारी जाळी) करेपर्यंतच सेगमेंटचा आकडा बदलता येतो. ब्लेंडरमध्ये सबडिव्हाइडची (फेसचे तुकडे पाडणाऱ्या आज्ञेची) आकडा बदलायची छोटी पट्टी पुढच्या कृतीबरोबर गायब होते. मग उरतं डेसिमेट. ते फेस कमी करतं खरं, पण नेहमीच्या पद्धतीने चालवलं तर चौकोनांची शिस्त मोडून वेडेवाकडे त्रिकोण हाती देतं. लूप कट (नवा लूप घालायचं साधन) चौकोनांमधूनच धावतो, त्रिकोण आला की अडतो. तिथून पुढची दुरुस्ती म्हणजे हाताने एकेक व्हर्टेक्स ओढणं.

ग्राफिक्स कार्डाचं म्हणाल तर ते झेपवेलही. अनरियल इंजिन ५ या गेम इंजिनमधल्या नॅनाइट तंत्रासाठी लाखो त्रिकोण ही मोठी गोष्ट नाही. पण यूव्ही (चित्र चढवण्यासाठी पृष्ठभागाचा सपाट नकाशा) उलगडायचे आणि वेट (कोणतं हाड कोणता भाग किती हलवणार ते) रंगवायचे ते कार्डाने नव्हे, तुम्ही.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. वाकवायच्या वस्तूला सेगमेंट लागतातच. उंचीत एकच सेगमेंट असलेला पाइप बेंड मॉडिफायरने वाकणार नाही, आणि कॅरेक्टरच्या कोपराशी दोन-तीन लूप नसतील तर हात मुडपताना तिथला आकार चेपतो. पण ते कोपराशी. अख्ख्या दंडावर नव्हे.

आणि नुसत्या छटा मऊ हव्या असतील तर शेड स्मूथ लावा, एकही फेस वाढत नाही. बाह्यरेषा तुटक दिसत राहील, तर घेराच्या बाजू वाढवा आणि नवे व्हर्टेक्स वर्तुळावर नेऊन बसवा.