गर्भाशय सरकत नाही, अण्णा

'मुलींच्या आईवडिलांनो सावधान' असा मथळा, बाजूला लाल त्रिकोण, शेवटी 'एका अनुभवी डॉक्टरांचा सल्ला'. कोण डॉक्टर, कुठले, पत्ता नाही. हा मेसेज सध्या सोलापुरात ग्रुपमागून ग्रुप फिरतोय. म्हणणं असं: फुटबॉलने मुलींचं गर्भाशय सरकतं आणि पुढे मूल होत नाही, गुडघे कायमचे जातात, रंग काळवंडून लग्न अडतं, आणि ज्या 'दुसऱ्या श्रेणीच्या राष्ट्रीय लीग'ची स्वप्नं दाखवतात ती पैसे भरून खेळायची, तिथून पुढे कुणी जात नाही. मी सोडून दिलं असतं. पण बहिणीच्या मोठ्या दिरांनी, अण्णांनी, तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि माझ्या भाचीचे स्टडचे बूट माळ्यावर गेले. बहीण मला विचारते, "ताई, थोडं तरी खरं असेल ना गं?"

गर्भाशयाचं आधी. ते काही पिशवीतलं लिंबू नव्हे, पळालं की घरंगळायला. ओटीपोटाच्या हाडांच्या आत ते अस्थिबंधांनी धरलेलं असतं, खालून स्नायूंचा आधार असतो. अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय खाली उतरतं, ते मुख्यतः बाळंतपणांमुळे आणि वयामुळे. वर्षानुवर्षं जड उचलणं, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ यांचीही भर पडते. आता जड उचलण्याचंच बोलू. उजनी धरण भरलेलं असो की नसो, आपल्याकडे नळाला पाणी चार-चार दिवसांनी. पाणी आलं की हीच पोर दोन्ही हातांत भरलेल्या घागरी घेऊन जिना चढते. तेव्हा कुणाला तिचं गर्भाशय आठवत नाही!

आणि मूल होत नाही म्हणे. मग फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, 1 जानेवारी 2021 पासून व्यावसायिक महिला खेळाडूंना किमान 14 आठवड्यांची बाळंतपणाची रजा, तीही किमान दोन तृतीयांश पगारावर, असा नियम कशासाठी केला? अमेरिकेच्या फुटबॉलपटू अ‍ॅलेक्स मॉर्गनला मे 2020 मध्ये मुलगी झाली, पुढच्या वर्षी ती टोकियो ऑलिंपिक खेळली. ही भीती मुळात शंभर वर्षं जुनी आहे. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 5 डिसेंबर 1921 रोजी 'हा खेळ बायकांना योग्य नाही' असं सांगून आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. त्याआधी वर्षभरच, 26 डिसेंबर 1920 ला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांची मॅच बघायला 53,000 लोक लोटले होते. दुखत कुठे होतं ते कळतंच.

एक कबूल करते, नाइलाजाने. भरपूर सराव आणि ताटात फक्त भात-आमटी असं चाललं तर मुलींची पाळी अनियमित होते, थांबतेही. त्यावर उपाय अंडी, शेंगाचटणी, भाकरी, दूध. माळा नव्हे.

गुडघ्याचंही अर्धं खरं. गुडघ्यातला लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे. पण मेसेज इथेच थांबतो. 2008 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नॉर्वेतला अभ्यास आला: 13 ते 17 वर्षांच्या सुमारे 1,900 फुटबॉलपटू मुली, 125 क्लब. निम्म्या क्लबांना खेळाआधीचा वीसेक मिनिटांचा ठरावीक वॉर्म-अप दिला. त्यांच्यात एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने घटल्या, गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. तोच वॉर्म-अप आज 'फिफा 11 प्लस' म्हणून फुकट मिळतो. तेव्हा अण्णा, कोचला जाऊन विचारा, पोरींकडून हा करून घेता का? 'नाही' म्हणाला तर त्याच्याशी भांडा, मीही येते.

रंगाबद्दल काय बोलायचं? मे महिन्यात सात रस्त्याला रिक्षाची वाट बघूनही रंग काळवंडतो.

आता लीग. इंडियन विमेन्स लीग 2 ही देशातली महिलांची दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा, पहिला हंगाम 2023-24. कुणी पुढे जात नाही? त्या हंगामातून कोलकात्याचा श्रीभूमी आणि ओडिशाची नीता फुटबॉल अकादमी वरच्या लीगमध्ये, म्हणजे इंडियन विमेन्स लीगमध्ये, गेले. पुढच्या हंगामातून दिल्लीचा गढवाल युनायटेड आणि गोव्याची सेसा अकादमी. वरच्या लीगचं 2024-25 चं विजेतेपद ईस्ट बंगालला ज्या गोलने मिळालं तो निजामाबादच्या सौम्या गुगुलोथचा. निजामाबाद म्हणजे काही युरोप नव्हे, आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या निम्म्या घरांचे तेलंगणात पाहुणे आहेत.

पैसा कमी आहे, हे खरं. वर्षाला किमान 3 लाख 20 हजारांच्या कराराची अट अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2023 मध्ये घातली ती वरच्या लीगच्या क्लबांना, तीही किमान दहा भारतीय खेळाडूंपुरती. खालच्या लीगवर घर चालवायचं स्वप्न कुणी दाखवत असेल तर ते फसवतंय. 'दीड लाख भरा, लीगमध्ये नाव घालतो' म्हणणारा तर सरळ चोर. खेळाडूची नोंदणी क्लब महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीवर करतो आणि महाराष्ट्रातला फुटबॉल वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे आहे. कुणी पैसे मागितले तर आधी क्लबचं नाव विचारा, मग तो तिथे नोंदलेला आहे का ते बघा. त्याला फोनपे करू नका.