ओटीत घातलेला मुलगा
दत्तकपत्र नसेल तर वंशावळीत दत्तक धरू नये, हे लेखातलं मत मला अजिबात पटलं नाही. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यातही दत्तकाची नोंदणी सक्तीची नाही. मूल प्रत्यक्ष देणं-घेणं महत्त्वाचं. आमच्या खानापूर भागात कागद करायचं कोण? माझी आजी आणि तिची धाकटी बहीण एकाच मांडवात, दोघा सख्ख्या भावांना दिलेल्या. धाकटीला मूल झालं नाही, तेव्हा आजीनं आपला दुसरा मुलगा तिच्या ओटीत घातला. त्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव एक, शेताच्या उताऱ्यावर दुसरं! मी कितीतरी दिवस त्या एकाच माणसाला दोन वेगळी माणसं समजत होतो. शेवटी हेळव्याच्या, म्हणजे दारोदार फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्याच्या, वहीत उलगडा झाला. हेळवी दारात आला की धान्य द्याच, पण आधी आपल्या घराण्याचं पान वाचून घ्या.